ओला पट्टा, कोरडा पट्टा

माझ्या नवऱ्याला एका वेळी दोन गाड्यांवर बसता यायचं, असं मी म्हटलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. आजवर कुणीच ठेवला नाही. फक्त रेल्वे कंपनीनं ठेवला, आणि तसं शाईनं लिहूनही ठेवलं. दोन स्टेशनांची दोन रजिस्टरं, दोन मास्तरांच्या सह्या, तारीख एक आणि वेळही जवळपास एकच. खालच्या स्टेशनात लिहिलंय, पॅसेंजर सुटली, पायलट गाडीवर हजर. वरच्या स्टेशनात लिहिलंय, मालगाडी सुटली, पायलट गाडीवर हजर. मधला रूळ एकच, तेव्हा पुढे काय झालं ते सांगायला ज्योतिषी नको.

परवा दुपारी शेजारचा शिंपी ह्यांच्या कोटाची मापं घ्यायला आला होता, त्याला मी हे सांगत होते. आमचे हे खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी ही गोष्ट काढली की ते तसेच पडतात. सूनबाई दारात बसून शेंगा सोलत होती.

पायलट म्हटल्यावर शिंप्यानं टेप गळ्यात टाकली. "काका विमान चालवायचे की काय, मावशी?"

"काकांना सायकलवरही चक्कर यायची," मी म्हटलं. "नीट ऐक."

वरचं स्टेशन आणि खालचं स्टेशन यांच्यामध्ये सात मैल एकेरी रूळ. एका वेळी त्यावर एकच गाडी. हे पाळायला दोन्ही स्टेशनांत एकेक यंत्र होतं, तारेनं एकमेकांना जोडलेलं. त्यातून एक लोखंडी गोळा निघायचा. गोळा हातात आल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही, आणि एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा कुठल्याच यंत्रातून निघायचा नाही. शहाण्या माणसानं केलेलं यंत्र होतं ते. पण एका वादळात तारा तुटल्या, यंत्र बंद पडलं. टेलिफोन कधी बोलायचा, कधी नुसता खोकायचा. मुख्य कचेरीनं कळवलं, दुरुस्तीचा माणूस येतोय. तो अकरा आठवडे येत होता.

यंत्र बंद पडलं तर काय करायचं तेही नियमाच्या पुस्तकात आहे. गोळ्याच्या जागी एक माणूस नेमायचा. त्याला म्हणायचं पायलट. त्याच्या दंडावर लाल पट्टा. तो ज्या गाडीच्या इंजिनावर चढेल तीच गाडी सुटायची, बाकीच्यांनी त्याची वाट बघत उभं राहायचं. कारण माणूस काही एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही, असं त्या पुस्तक लिहिणाऱ्याला वाटायचं. त्याची आणि आमच्या मास्तरांची कधी गाठ पडली नव्हती.

आमचे हे खालच्या स्टेशनात सांधेवाले होते, रूळ बदलायचे. पायलट म्हणून ह्यांना नेमलं, आणि त्या दिवसापासून सगळी लाइन ह्यांना 'गोळ्या' म्हणायला लागली. अंगावर मूठभर मांस नाही, वाऱ्याच्या दिवशी खिशात दगड ठेवून चालावं लागायचं, आणि नाव गोळ्या.

"दगड?" सूनबाई म्हणाली.

"दोन्ही खिशांत. एका खिशात ठेवला तर कलायचे."

माझं स्वतःचं फाटक होतं. ह्यांची बायको म्हणून नव्हे हं, माझ्या नावावर, माझ्या पगारावर. खालच्या स्टेशनाच्या फलाटापासून शंभर पावलांवर, रस्ता रूळ ओलांडतो तिथं. फाटकाशेजारी एक खोली, खोलीबाहेर कपडे वाळत घालायची दोरी. ही दोरी त्या सगळ्या चौकशीत नकाशावर दाखवली होती, लाल शाईनं. कुठल्या बाईच्या दोरीला असा मान मिळालाय?

तर खालच्या स्टेशनचे मास्तर. त्यांना सगळे घाईमास्तर म्हणत. बूट चढवता चढवताच घराबाहेर पडत, त्यामुळे एका पायात मोजा असला तर नशीब. माणूस वाईट नव्हता. पण रोज मुख्य कचेरीतून पत्र यायचं, पॅसेंजर पस्तीस मिनिटं उशिरा का, चाळीस मिनिटं उशिरा का, खुलासा करा. खुलासा सरळ होता. पायलट सात मैल वर गेलाय, तो परत येईतो गाडी उभी आहे, तुम्ही यंत्र दुरुस्त करा. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला असं सांगून चालत नाही. त्याला शेळीचा खुलासा हवा असतो.

तेव्हा घाईमास्तरांनी शक्कल काढली. आधी ह्यांना नुसतं म्हणाले, "गोळ्या, तू कशाला दर खेपेला हेलपाटा घालतोस? पट्टा ड्रायव्हरकडे दे. वरचे मास्तर पट्टा बघतील, परतीच्या गाडीवर पट्टा पाठवतील. पट्टा एकच आहे ना? मग झालं." वरच्या मास्तरांनाही पटलं. त्यांनाही पत्रं येतच होती. असा तो पट्टा एकटाच प्रवास करायला लागला. इंजिनातल्या खुंटीवर लटकून वर जायचा, लटकून खाली यायचा. हे घरी बसून गरम जेवायला लागले. रजिस्टरात मात्र दोन्ही मास्तर लिहायचे, पायलट हजर. तीन आठवडे गाड्या वेळेवर. मुख्य कचेरीतून शाबासकीचं पत्र आलं.

"मग चुकलं कुठं?" शिंप्यानं विचारलं.

"मळला तो."

"काय मळला?"

"पट्टा. तुला कळायला हवं, शिंपी आहेस तू. लाल कापड, त्याला रात्रंदिवस कोळसा, तेल, ड्रायव्हरचे हात. काळाठिक्कर पडला. वरच्या मास्तरांनी निरोप पाठवला की हा पट्टा आहे की भांडी पुसायचं फडकं ते ओळखू येत नाही. तेव्हा घाईमास्तर फाटकावर आले. एका पायात मोजा नव्हता. मला म्हणाले, 'वहिनी, असाच एक दुसरा शिवून ठेवा. एक धुवायला टाकला की दुसरा वापरू.'"

मी म्हटलं, "मास्तर, मग ते दोन होतील."

ते म्हणाले, "दोन कसे होतील? एक ओला असेल ना."

शिंपी हसायला लागला. मी त्याला हसू दिलं. मीही त्या दिवशी हसले होते, आणि शिवला. फाटकाची एक जुनी लाल झेंडी कडेला विरली होती, तिचं कापड घेतलं. वीतभर रुंद, आत जाड अस्तर, दोन बंद. 'पायलट' ही अक्षरं पांढऱ्या दोऱ्यानं भरली. आधीच्या पट्ट्यापेक्षा माझा सरस झाला होता. कंपनीच्या पट्ट्याचा 'ल' पडल्यासारखा दिसायचा, माझा ताठ उभा. हे मी अभिमानानं सांगतेय असं नाही. पण खोटं कशाला बोलू, तेव्हा अभिमान वाटला होता.

पंधरा दिवस सगळं बिनबोभाट. दोरीवर ओला, इंजिनावर कोरडा. पोरखेळ होता, पण नेमानं चाललेला.

मग तो दिवस. ह्यांची दाढ दुखत होती, वरच्या स्टेशनाजवळ दाढ काढणारा होता, म्हणून त्या सकाळी पट्ट्याबरोबर हे स्वतःही वर गेले. कितीतरी दिवसांनी पायलट खराखुरा गाडीवर. मी माझा पट्टा आदल्या संध्याकाळी धुऊन दोरीवर घातला होता.

दुपारी बाराच्या सुमाराला पॅसेंजर खालच्या स्टेशनात येऊन उभी राहिली. आधीच चाळीस मिनिटं उशीर. टेलिफोन खोकत होता. घाईमास्तर फलाटावरून तडक माझ्या दोरीशी आले आणि पट्टा ओढला.

मी म्हटलं, "मास्तर, जुना वर आहे. ह्यांच्यासकट."

"वरून खाली यायला गाडी कुठाय? मालगाडी. ती आजवर कधी संध्याकाळच्या आत आली आहे का?"

"आली नाही. पण पट्टा ओला आहे."

त्यांनी तो पिळला. थेंब पडला नाही. "कोरडा ठाक आहे, वहिनी," असं म्हणाले आणि गेले.

बघा, तीन महिन्यांपूर्वी गाडी सोडायला लोखंडी गोळा लागायचा. मग माणूस लागायचा. मग पट्टा लागायचा. त्या दिवशी गाडी सुटली ती कापड वाळलं म्हणून. एकेक पायरी उतरताना कुणाला आपण उतरतोय असं वाटलं नाही.

पॅसेंजर सुटली. उरलेली झेंडी घेतली आणि धावले. अशी धावले की गाडीला मागे टाकलं.

"गाडीला?" शिंपी म्हणाला.

"चढ होता."

"तरी, मावशी."

"बरं, मागे नाही टाकलं. पण शेवटच्या डब्यातल्या गार्डला माझी शिवी ऐकू गेली, इतकी जवळ होते. त्याला वाटलं मी नेहमीसारखीच त्याच्या पान थुंकण्यावरून भांडतेय. त्यानं हात हलवला."

आणि मालगाडी त्या दिवशी वेळेवर होती. कित्येक वर्षांत पहिल्यांदा. वरच्या मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी ती एक मिनिट आधीच सोडली. पायलट इंजिनावर, दंडावर काळा पट्टा, गालात कापूस. कशासाठी थांबायचं?

टेकडी कापून रूळ काढलाय तिथं वळण आहे. तिथं भेटल्या. आवाज असा झाला की चार कोसांवरच्या कोंबड्यांनी आठवडाभर बिनकवचाची अंडी घातली. मालगाडीत पिठाची पोती होती, ती फुटली. स्टेशनातलं काळं कुत्रं पांढरं झालं, ते मरेपर्यंत पांढरंच राहिलं. पॅसेंजरमधला एक माणूस खिडकीतून उडून पिठाच्या ढिगात पडला आणि तसाच झोपला. दुसऱ्या दिवशी उठून त्यानं विचारलं, स्टेशन आलं का.

सूनबाईच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. हे भाग तिला पाठ आहेत, तरी.

आता यापुढचं एक मी वाढवून सांगत नाही. मालगाडीच्या इंजिनात कोळसा घालणारा फायरमन गेला. फाटकापाशी आला की माझ्या चुलीसाठी कोळशाची दोन ढेकळं अचूक दाराशी टाकायचा, आणि दर वेळी ओरडायचा, "वहिनी, सांडला." वळणावर धूर दिसला तेव्हा ड्रायव्हरनं ब्रेक ओढला, आणि फायरमननं ह्यांना दोन्ही हातांनी बाहेर ढकललं. "उतर, गोळ्या." हे झुडपात पडले, तीन बरगड्या मोडल्या. ड्रायव्हर दुसऱ्या बाजूनं उडी टाकून वाचला. फायरमनला वेळ मिळाला नाही. पॅसेंजरमध्ये अकरा जण जखमी. एवढंच. आकडा फुगवायची मला सवय आहे, पण हा नाही फुगवत.

खाटेवर हे हलले नाहीत. शिंप्यानं हळूच विचारलं, "मग काकांवर आळ आला?"

आला म्हणजे काय. आधीच तयार ठेवला होता. मुख्य कचेरीतून तीन साहेब आले, मोठ्या वेटिंग रूममध्ये टेबल मांडून बसले. यंत्र अकरा आठवडे बंद का, हे त्यांनी कुणाला विचारलं नाही, कारण उत्तर त्यांच्याच कपाटात होतं. दोन्ही मास्तरांना विचारलं. घाईमास्तर म्हणाले, दुसरा पट्टा आहे हे मला माहीतच नव्हतं. पायलटनं घरी बसता यावं म्हणून बायकोकडून शिवून घेतला असणार. वरचे मास्तर म्हणाले, असणार. दोन दिवसांत ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. नोकरी जाणार, खोली जाणार, वर तुरुंग. हे दवाखान्यात, छातीला पट्ट्या, बोललं तर कळ यायची. आणि मला कुणी बोलावलंच नाही. पट्टा मी शिवलेला, दोरी माझी, आणि दोरीचा नकाशा काढला पण मला नाही विचारलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब लोक अहवाल पुरा करायला निघाले. मोठे साहेब मोटारीतून. रस्ता कुठून जातो? माझ्या फाटकातून.

मी फाटक लावलं.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. मी स्टुलावर बसून राहिले. त्यानं पुन्हा वाजवला. मग साहेबांनी काचेतून डोकं काढलं. "फाटक उघडा."

"गाडी येतेय, साहेब."

"कुठली गाडी? लाइन बंद आहे."

"बंद आहे हे मला कुणी कळवलं नाही."

"मी कळवतोय."

"तोंडी," मी म्हटलं. "तोंडी हुकुमावर मी आता काही करत नाही, साहेब. एकदा केलं, माणूस गेला. फाटक उघडा असं लिहून द्या. सही, तारीख, वेळ."

साहेब खाली उतरले. गोरेमोरे झाले होते. मागं एक भाजीवाला आणि दोन सायकलवाले थांबले होते, ते पुढं सरकून ऐकायला लागले. साहेब म्हणाले, "बाई, तुमची नोकरी जाईल."

"ह्यांची गेली, माझी जाईल. खोली एकच आहे, ती दोनदा काढून घेता येणार नाही. पण तुम्ही त्यातले आहात, एका माणसाला दोन गाड्यांवर बसवता, मग दोनदाही काढाल."

भाजीवाला फिस्सकन हसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तो आपली वांगी मोजायला लागला.

मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. यंत्र, अकरा आठवडे, खुंटीवरचा पट्टा, शाबासकीचं पत्र, एक ओला असेल ना, सगळं. शेवटी साहेबांनी एकच विचारलं. "मास्तरांनी तुम्हाला दुसरा पट्टा शिवायला सांगितला, याला पुरावा काय? तुम्ही आत्ताच म्हणालात, तोंडी हुकुमावर काही करत नाही."

"आता करत नाही म्हटलं."

"तेव्हा लिहून घेतलं होतं?"

"हो," मी म्हटलं.

"दाखवा."

मी खोलीत गेले. साहेब फाटकाला टेकून उभे राहिले. मी पाऊण तासानं चिठ्ठी घेऊन बाहेर आले.

"पाऊण तास?" शिंपी म्हणाला. "एवढीशी तर खोली, मावशी."

"ट्रंकेच्या तळाशी होती. वर माझे लोकरीचे कपडे."

चिठ्ठीत ओळ न ओळ होती. 'वहिनी, पायलटचा दुसरा पट्टा शिवून ठेवणे. एक धुतला असता दुसरा वापरता येईल. दोन होण्याची काळजी नको, एक ओला असेल.' खाली घाईमास्तरांची सही, शेवटच्या अक्षराची शेपटी ओढलेली, घाईत असल्यासारखी. कोपऱ्याला तेलाचा डाग. साहेबांनी ती दोनदा वाचली. मग फाटकाच्या खांबावर कागद ठेवून मला लिहून दिलं, 'फाटक उघडावे', सही, तारीख, वेळ. मी उघडलं.

अहवाल बदलला. घाईमास्तरांना समोर बसवून चिठ्ठी दाखवली. मला वाटलं होतं आकाशपाताळ एक करतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, "शब्द माझेच आहेत." एवढंच. त्यांना लांबच्या एका गोदामावर पाठवलं, जिथं वेळेवर सोडायला काही नव्हतं. ह्यांची नोकरी राहिली, खोली राहिली. यंत्र चार दिवसांत दुरुस्त झालं. आणि रजिस्टरातल्या त्या दोन ओळी मात्र कुणी खोडल्या नाहीत, त्यामुळे माझा नवरा अजून दोन गाड्यांवर बसलेला आहे.

"म्हणजे चिठ्ठी जपून ठेवली म्हणून वाचलात," शिंपी म्हणाला. "मास्तरांनी लिहून दिलं हेच नशीब."

"नशीब कसलं," मी म्हटलं. "मीच म्हटलं होतं त्यांना, मास्तर, लिहून द्या, तर शिवेन. त्यांनी इथंच बसून लिहून दिलं, माझ्याच पेन्सिलीनं."

खाटेवरून आवाज आला. ह्यांनी कूस बदलली होती आणि ते सरळ माझ्याकडे बघत होते.

"मास्तरांनी जन्मात कुणाला लिहून दिलं नाही," हे म्हणाले. "चिठ्ठी तू लिहिलीस. साहेबांनी दवाखान्यात आणून माझ्यासमोर धरली तेव्हा अक्षर बघताच मला कळलं, आणि मी म्हटलं, हो साहेब, हे मास्तरांचंच."